कोतवालाची दवंडी आणि पौलाचं पत्र

आमच्या कुंपणाला लागून राहणारे आबाजी वारकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास कधी चुकत नाही. मागच्या कार्तिकात एका संध्याकाळी ते अंगणात खाटेवर बसले होते, बाया कापूस वेचून परतत होत्या आणि मी बायबल घेऊन प्रार्थनाघराकडे निघाले होते. त्यांनी हाक मारली.

"बाई, तुमची हे सुवार्ता सायबायनं आनली. मंग तिले देवाची कायच्या भरोशावर म्हनता?"

मी घाईत म्हणाले, "आबाजी, बायबलात तसं लिहिलं आहे." ते म्हणाले, "लिहिनारा तं मानूसच हाय ना?"

त्यांना मला खिजवायचं नव्हतं. देवाच्या नावानं सांगितलेली गोष्ट देवाची आहे हे ओळखायचं कसं, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि माझं उत्तर तोकडं पडलं होतं. रविवारच्या बायांच्या वर्गात मी बायबलातलं गलतीकरांस पत्र शिकवते. येशूची बातमी गावोगावी नेणाऱ्या पौलानं ते गलतीया भागातल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायांना लिहिलं. त्या पत्राचं पहिलं पानच या प्रश्नाचं आहे. म्हणून आबाजींना नंतर थोडं थोडं करून जे सांगितलं, ते इथे सलग मांडते.

दावा असा. पौल लिहितो की मी जी सुवार्ता सांगितली ती माणसानं रचलेली नाही. ती मला कुणा माणसाकडून मिळाली नाही, कुणी शिकवली नाही, येशू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणानं मिळाली. पहिल्या अध्यायातली अकरावी आणि बारावी वचनं ती हीच. गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा मधला भाग. पत्र साधारण इ.स. 48 ते 55 या काळातलं, म्हणजे येशूला क्रुसावर दिल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतलं. हे पत्र खुद्द पौलाचंच आहे यावर विश्वासणाऱ्या आणि न विश्वासणाऱ्या अशा जवळजवळ सगळ्याच अभ्यासकांचं एकमत आहे.

पौल रागात आहे. इतर पत्रांत तो आधी मंडळीबद्दल देवाचे आभार मानतो. इथे नमस्कार संपतो न संपतो तोच थेट विचारतो, इतक्या लवकर तुम्ही दुसऱ्या सुवार्तेकडे कसे वळलात? झालं होतं असं की त्याच्या मागून काही शिक्षक तिथे पोचले. त्यांचं म्हणणं, ख्रिस्तावर विश्वास ठेवलात ते ठीक, पण तेवढ्यानं भागत नाही. सुंता करा, मोशेचे नियम पाळा, मगच तुम्ही देवाचे लोक. आणि हा पौल? तो काही येशूबरोबर फिरलेल्या बारा शिष्यांपैकी नाही. जे काही त्याच्याकडे आहे ते यरुशलेमातल्या लोकांकडून ऐकलेलं, आणि तेही त्यानं अर्धंच सांगितलं. पहिल्या दोन अध्यायांत पौल उत्तर देतो ते या दुसऱ्या आरोपाला.

आधी सुवार्ता हा शब्द पाहू. आम्ही तो इतका वापरतो की त्याची धार गेली. मूळ ग्रीक शब्द 'युअंगेलियोन', चांगली बातमी. त्या काळी तो राजकारणातही चालायचा. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाचं जुनं शहर आहे. तिथे सापडलेल्या इ.स.पू. 9 मधल्या शिलालेखात ऑगस्टस कैसराचा जन्मदिवस हा जगासाठी अशा चांगल्या बातम्यांचा आरंभ म्हटला आहे. यहुदी लोकांना हा शब्द यशया संदेष्ट्यामुळे ओळखीचा होता. देव राज्य करतो अशी बातमी डोंगरावरून आणणाऱ्याचे पाय किती सुंदर, असं तो म्हणतो. दोन्हीकडे अर्थ एकच: काहीतरी घडलंय आणि त्याची घोषणा होते आहे. उपदेश किंवा सल्ला असा त्याचा अर्थ नाही.

मी लहान असताना आमचा कोतवाल डफडं वाजवत दवंडी द्यायचा. चौकात थांबायचा, पारापाशी थांबायचा, तेच शब्द पुन्हा म्हणायचा. कुणी त्याच्याशी हुज्जत घातली तर म्हणायचा, "माह्या घरचं नाही सांगून रायलो, तहसीलातून आलं." लोकही त्याच्यावर रागवायचे नाहीत. विचारायचे, हुकूम कोणाचा? पौल स्वतःला हेच म्हणवतो. म्हणूनच पुढे तो एवढं कडक बोलतो की आम्ही स्वतः किंवा स्वर्गातला दूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला, तरी तो शापित असो. त्यात 'आम्ही स्वतः' हे शब्द आहेत. उद्या मीच दवंडी बदलली तर माझंही ऐकू नका, असं तो सांगतो आहे. स्वतःचा पंथ काढायला निघालेला माणूस आपल्या अनुयायांच्या हाती असं हत्यार देत नाही.

दुसरा शब्द प्रकटीकरण. ग्रीक 'अपोकॅलिप्सिस', म्हणजे झाकण काढणं, पडदा सारणं. इथे फार गैरसमज होतो. प्रकटीकरण म्हटलं की लोकांना वाटतं, अंगात येणं, स्वप्न, कानात आवाज. शब्दाचा रोख मात्र असा की जे आधीपासून आहे ते उघडं पडलं. पऱ्हाटीचं बोंड फुटतं तेव्हा कापूस बाहेरून कुणी त्यात भरत नाही. तो आतच असतो. वेचणारीच्या ओटीत तो येतो म्हणून तिनं तो केला असं होत नाही, आणि तिच्या हाताशिवाय तो घरीही येत नाही. वर्गातल्या बायांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

मग पौल पुरावा काय देतो? मला या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. तो तुम्ही डोळे मिटा, मनाला काय वाटतं बघा, असं म्हणत नाही. तो जबानी देतो. मी कुठे होतो, किती वर्षं, कुणाला भेटलो, कुणाला नाही. आणि मधेच शपथ घेतो: देवासमक्ष सांगतो, हे खोटं नाही. तहसीलात शपथपत्र करतात तसं.

जबानी अशी. मी कट्टर परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला होतो, पूर्वजांच्या रीतींबद्दल माझ्या वयाच्या कितीतरी जणांहून आवेशी. देवाच्या मंडळीचा छळ करत होतो, तिचा नाश करू पाहत होतो. मग देवानं आपला पुत्र मला प्रकट केला. त्यानंतर मी कुणाचाही सल्ला घेतला नाही. यरुशलेमला गेलो नाही. अरबस्तानात गेलो आणि दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला परतलो. तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन केफाला, म्हणजे बारांतल्या पेत्राला भेटलो आणि त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो. दुसऱ्या प्रेषितांपैकी, म्हणजे येशूनं पाठवलेल्यांपैकी, फक्त प्रभूचा भाऊ याकोब दिसला. मग सूरिया आणि किलिकियात गेलो. यहुदियातल्या मंडळ्यांनी माझं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आपला छळ करणारा आता विश्वासाची सुवार्ता सांगतो, एवढंच ते ऐकत होते. चौदा वर्षांनी बर्णबा आणि तीताला घेऊन पुन्हा यरुशलेमला गेलो आणि मी काय सांगतो ते तिथल्या प्रमुखांपुढे मांडलं.

त्या प्रमुखांनी काय केलं? त्यात काही भर घातली नाही. याकोब, केफा आणि योहान यांनी सोबतीची खूण म्हणून त्याला उजवा हात दिला. एवढंच म्हणाले, गरिबांची आठवण ठेवा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दोघं जण एकाच मास्तराकडे शिकले आणि दोघांचं उत्तर जुळलं, तर नवल काय? पण पेत्र गालीलातला मासे धरणारा, येशूबरोबर चाललेला. पौल तार्सात जन्मलेला, गमलियेल या यहुदी गुरूच्या पायाशी शिकलेला, येशूच्या लोकांना तुरुंगात टाकणारा. त्यांची वाट वेगळी, वर्षं वेगळी. समोरासमोर बसल्यावर दिसलं की सांगणं एकच आहे. पौलाचं म्हणणं, हे आमच्या दोघांच्याही घरचं नाही म्हणूनच जुळलं.

इथे जाणता वाचक मला अडवेल, आणि अडवावंच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात हाच पौल लिहितो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, तो केफाला दिसला, मग बारांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक भावांना, त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोबाला, सगळ्या प्रेषितांना, आणि शेवटी मला. मिळालं ते दिलं, ही परंपरा सोपवण्याची भाषा आहे. बहुतेक अभ्यासक मानतात की या ओळी पौलाच्या आधीच मंडळीत पाठ केल्या जात होत्या. मग माणसाकडून मिळालं नाही हे खरं, की मिळालं हे खरं?

दोन्ही. घटना आणि तिचा अर्थ या दोन गोष्टी आहेत. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला ख्रिस्त भेटला, पण येशू क्रुसावर मेला हे त्याला तिथे कळलं नाही, ते त्याला आधीच ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच तो छळ करत होता. तो परूशी होता, आणि नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात लिहिलं आहे की झाडाला टांगलेला मनुष्य देवाचा शापित असतो. टांगलेला माणूस ख्रिस्त म्हणजे देवाचा अभिषिक्त असूच शकत नाही, हा त्याचा चोख हिशेब. जो मेला असं त्याला पक्कं माहीत होतं तो जिवंत भेटला तेव्हा तो हिशेब उलटा झाला. शाप होता हे खरंच. पण तो त्याचा स्वतःचा नव्हता, आपला होता. तिसऱ्या अध्यायात तो तेच लिहितो, ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला. कोण कधी कुणाला दिसला, या गोष्टी साक्षीदारांनी सांगितल्या. त्या मरणाचा अर्थ काय, आणि विदेश्यांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, तो सांगायचा अधिकार पौलाला कुणी दिला, हे साक्षीदारांकडून आलं नाही.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातही हीच वीण दिसते. दिमिष्काच्या वाटेवर प्रभू स्वतः बोलतो. पण तीन दिवस दृष्टी गेलेल्या पौलाकडे पुढे देव कुणाला पाठवतो? हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याला. 'नीट' नावाच्या रस्त्यावरचं घर सांगतो. हनन्या भीतभीत जातो, डोक्यावर हात ठेवतो आणि पौलाच्या दुसऱ्या नावानं हाक मारतो, "शौल, भावा." त्याच्या छळाला भिणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडून त्याला पहिल्यांदा भाऊ हा शब्द ऐकू आला. आकाशातून सगळं सांगून टाकणं देवाला जड नव्हतं. तरी त्यानं माणूस पाठवला.

म्हणून काही प्रचारक बायबल आकाशातून जसंच्या तसं उतरलं असं सांगतात तेव्हा मला वाईट वाटतं. ते देवाचा मान वाढवायला जातात, पण बायबल स्वतःबद्दल असं म्हणत नाही. आपल्याकडे वेदांना अपौरुषेय म्हणतात. मीमांसा तर म्हणते की त्यांना कर्ताच नाही. मुसलमान बांधव मानतात की कुराणाचा शब्दन् शब्द जिब्राईलानं आणून दिला. ख्रिस्ती म्हणणं या दोन्हींपेक्षा निराळं आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांताच्या, पहिल्याच ओळींत सांगतो की ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेल्या गोष्टी मी मुळापासून नीट शोधल्या आणि अनुक्रमानं लिहिल्या. म्हणजे चौकशी केली, विचारपूस केली. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा येताना घेऊन ये असा निरोपही आहे. थंडी वाजणाऱ्या माणसाची ती ओळ कुणी पुसून टाकली नाही.

यात देव कुठे? पेत्राचं दुसरं पत्र म्हणतं, पवित्र आत्म्यानं नेलेल्या माणसांनी देवाकडून आलेलं सांगितलं. 'नेलेल्या' या जागी जे क्रियापद आहे तेच 'प्रेषितांची कृत्ये'च्या सत्ताविसाव्या अध्यायात वादळात सापडलेल्या जहाजाबद्दल आलं आहे. वाऱ्यानं ओढून नेलेलं जहाज. जहाज लाकडाचंच राहतं, आतली माणसं घाबरतात, दोर बांधतात. दिशा मात्र वाऱ्याची.

आता सांगण्याच्या आशयाकडे. माणसानं धर्म रचला तर तो माणसाला पटेल असा रचतो. या सुवार्तेच्या मध्यभागी आहे क्रूस, म्हणजे गुलामांना आणि बंडखोरांना रोमन लोक देत असलेली शिक्षा. पौल करिंथकरांना स्वतःच सांगतो की क्रुसावर दिलेला ख्रिस्त हा यहुद्यांना अडखळण आणि विदेश्यांना मूर्खपणा. विकायला काढलेल्या मालाचं असं वर्णन कुणी करत नाही. आणि त्यातून पौलाला काय मिळालं? करिंथकरांस दुसऱ्या पत्रात यादी आहे: पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. पोट तो तंबू शिवून भरायचा.

आणि थडगं रिकामं असल्याचं पहिल्यांदा कुणी पाहिलं? चारही शुभवर्तमानांत स्त्रियांनी. त्या काळी बाईच्या साक्षीला वजन नव्हतं. लूक तर लिहितो की त्यांचं बोलणं शिष्यांना बाष्कळ वाटलं, त्यांनी विश्वास ठेवला नाही. गोष्ट रचायचीच असती तर कुणीही आधी एखाद्या वजनदार पुरुषाला थडग्यावर पाठवलं असतं. हे मी सांगितलं तेव्हा वर्गातली एक मावशी म्हणाली, "आमचं घरीबी असंच हाय, बाई. पहिले आमीच पाह्यतो, मंग मानसं जाऊन खातरी करतात." पेत्रही तसाच धावत थडग्याकडे गेला होता.

एवढ्यानं सिद्ध होतं का? सरळ सांगते, इतिहासाच्या मापानं देव मोजता येत नाही. छळ करणारा पौल बदलला, पेत्र आणि याकोबाला भेटला, मार खाल्ला, सांगणं सोडलं नाही, इथपर्यंत इतिहास येतो. दु:ख सोसणारा माणूस चुकलेलाही असू शकतो. पण तो ठरवून खोटं बोलत होता असं म्हणणं फार अवघड होतं. मग उरतं ते त्याचं म्हणणं: मला ख्रिस्त भेटला. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्रत्येकाला स्वतःलाच ठरवावं लागतं. मी ठेवला आहे.

राहिलं साहेबांचं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, हे खरंच. त्यांच्या आधी बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी वैजनाथ शर्मा या मराठी पंडितांच्या मदतीनं नवा करार मराठीत छापला, 1811 मध्ये. पण येशू काही इंग्लंडचा नव्हता. तो आशियातला, अरामी बोलणारा. आणि गलतीयातली मंडळी युरोपातल्या कितीतरी मंडळ्यांहून जुनी. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्यांनी जी गीतं लिहिली ती अभंग-ओवीच्या वळणाची. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळावं म्हणून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि ते 1924 मध्ये निघालं. आणणारे हात पुष्कळ. आणणाऱ्याच्या मालकीचं ते असतं, तर ते सायबाच्याच भाषेत राहिलं असतं.

ही मालकीची गोष्ट पौलाला किती महत्त्वाची होती हे दुसऱ्या अध्यायात दिसतं. अंत्युखिया शहरात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही लोक आले तेव्हा तो घाबरला आणि मागे सरून वेगळा राहू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी उठले, बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलानं सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सांगितलं की तुझं वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही. पेत्रासारखा प्रेषित, ज्यानं येशूला पाहिलं, त्यालाही सुवार्तेपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागलं, कारण ती त्याची नव्हती. आणि हे सगळं कशावरून? एका पंगतीवरून.

हा भाग मी आबाजींना सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या गावात कुणाची पंगत कुठे बसायची आणि कुणाला पाणी वरून ओतायचं, हे त्यांनी पाहिलं आहे. माझ्या आजेसासूबाईंनी ते सोसलं आहे.

मग त्यांनी विचारलं, "तो पेत्र मंग वापस येऊन बसला का त्याहिच्या पंगतीत?"

मी म्हणाले, "आबाजी, पत्रात ते लिहिलेलं नाही."

"मंग वाचून पाह्य ना पुन्हा," ते म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.